साडूकडचा बाजा घुरघुरत नाही

माझ्या साडूकडचा बाजा घुरघुरत नाही ही बातमी मला बायकोनं दिली. तीही पोळ्या लाटता लाटता, शेजारी कुणी नवा फ्रिज घेतला हे सांगावं तशा आवाजात.

"धाकटीचा फोन आलता. त्यांचं यंत्र झालं म्हणं तयार. जरा बी आवाज न्हाई."

"आवाज न्हाई म्हणजे वाजतच न्हाई का?" मी आशेनं विचारलं.

"वाजतंय की. गाणं लय झाक वाजतंय. खालची घुरघुर तेवढी न्हाई. आण्णा दुपारभर ऐकत बसले म्हणं."

हातातला घास मी ताटात परत ठेवला. गंगाखेडला साखर कारखान्यात इंजिनियर असलेला, जेवण झालं की आडवा होणारा, आयुष्यात कधी एक ओळ धड न गुणगुणलेला हा माणूस. त्यानं माझं बघून यंत्र करायला घेतलं आणि माझ्याआधी त्याचं शांत झालं. वर सासरेबुवा दुपारभर तिथं बसले. अंगाचा तिळपापड होणं म्हणजे नेमकं काय, ते मला त्या जेवणात कळलं. बायकोनं पोळी वाढली, ती मी नको म्हणालो, आणि नंतर उपाशी राहिल्याचा रागसुद्धा साडूवरच काढला.

आता हे यंत्र म्हणजे काय ते सांगायला हवं. ग्रामोफोनच्या तबकडीतून सुई जो आवाज उचलते तो इतका बारीक असतो की तो थेट मोठ्या अॅम्प्लिफायरला दिला तर काही ऐकूच येत नाही. म्हणून मध्ये एक छोटं यंत्र लागतं, त्याला प्रीअॅम्प म्हणतात. ते हल्ली नखाएवढ्या चिपवर मिळतं. पण आमच्या सासऱ्यांना चिपचा आवाज पचत नाही. त्यांना व्हॉल्वचं पाहिजे, म्हणजे काचेच्या नळ्यांचं, चालू केलं की आत तांबडं होणारं. आणि व्हॉल्वच्या यंत्राची खोड अशी की ते सुईचा आवाज वाढवतं तेव्हा वाटेत भेटेल तो प्रत्येक आवाज वाढवतं. विजेच्या तारेतला, स्वतःच्या पोटातला, बाहेरून गेलेल्या ट्रकचासुद्धा. दोन गाण्यांच्या मध्ये जी शांतता असायला हवी तिथं घुर्र्र असा एक आवाज बसून राहतो. एकदा कानात शिरला की मग गाणं ऐकूच येत नाही, तोच ऐकू येतो.

एवढ्याशा घुरघुरीसाठी परभणीतला एक चष्म्याचा दुकानदार का झुरत होता, असं कुणी विचारेल. तर सासरे कुणाच्या घरी राहायला येणार, ते या घुरघुरीवर ठरायचं होतं.

त्यांचा परभणीजवळच्या पिंगळीला लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्न, जावळ, हरिनाम सप्ताह, निवडणुकीची सभा, कुठंही त्यांचे भोंगे झाडाला टांगलेले असायचे. तबकड्या वाजवायची दोन यंत्रं त्यांनी ठेवली होती, एक बिघडलं तर वरात मुकी जाऊ नये म्हणून. पुढं डीजेवाले आले, भोंगे अडगळीत गेले, व्हॉल्वचा जुना अॅम्प्लिफायर एका पावसाळ्यात बसला तो उठलाच नाही. तबकड्यांची लाकडी पेटी मात्र त्यांनी कुणाला हात लावू दिली नाही. त्यात कव्वाल्या होत्या, लावण्या होत्या, भजनं होती, सिनेमाची गाणी तर विचारूच नका. सासूबाई गेल्या आणि ते त्या घरात एकटे पडले. गुडघे दुखत होते. मुलगा नाही, दोन्ही मुली म्हणायच्या, आमच्याकडं चला. एकदा दोघींनी मिळून फारच धरलं तेव्हा त्यांनी दोन्ही वाजवायची यंत्रं बाहेर काढली, एक माझ्या हातात दिलं, एक साडूच्या.

"ज्याच्या घरी बाजा नीट वाजंल त्याच्या घरी मी पेटी घिऊन येतो," ते म्हणाले आणि हसले. सगळेच हसले. मी हसलो नाही. मी मनात शर्यतीला लागलोसुद्धा होतो.

कारण हा माणूस मला माझ्या घरात हवा होता. माझे वडील माझ्याशी कामापुरतं बोलायचे आणि ते लवकर गेलेही. माझं लग्न झालं त्या वर्षी सासरे मला, नव्या जावयाला, मोटारसायकलवर मागं बसवून लग्नांना घेऊन जायचे. कुठल्याशा गावी मांडवाच्या मागं, जनरेटरच्या धुरात, त्यांनी पहिल्यांदा सुई माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ठिवा. हात थरथरू दिऊ नका." मी ठेवली. गाणं चार वाड्यांना ऐकू गेलं. माझ्या हातानं एवढा मोठा आवाज त्याआधी कधी झाला नव्हता. मागून ते माझ्या पाठीवर थाप मारून पुढं वऱ्हाडाकडं गेले, आणि ती थाप मला आजही पाठीवर लागते. साडू या घरात आला तोवर भोंगे उतरले होते. त्यानं सुई धरली नाही, धूर खाल्ला नाही, एका लग्नाचं जागरण केलं नाही. मोठा जावई मी. शिष्यही मीच. मग सासरे त्याच्याकडं कसे जातील, हे मला समजतच नव्हतं.

म्हणून मी कामाला लागलो. दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा काउंटरच्या मागं माझं तारांना डाग देणं, म्हणजे सोल्डरिंग, चालायचं. चष्म्याच्या स्क्रूची सवय असलेला हात होता, भिंग होतं, बारीक पेचकस होते. मी चांगलं यंत्र केलं. हे मी स्वतः म्हणतोय, पण खरंच चांगलं केलं. आधी त्यात सुरसुर होती, वाळू ओतल्यासारखी. ती नळ्या बदलून बदलून गेली. एका जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यानं कपाट रिकामं केलं तेव्हा मी मूठभर नळ्या आणल्या आणि प्रत्येक लावून ऐकली. मग टणटण होती. घरात कुणी भांडं आपटलं की नळी थरथरायची आणि ते भांडं स्पीकरमधून पुन्हा एकदा आपटायचं. त्यावर मी चष्म्याच्या नाकावर बसतात त्या मऊ रबरी गाद्या नळीच्या बैठकीखाली लावल्या आणि टणटण बंद. हा शोध माझा, तो कुठल्याही पुस्तकात नाही, आणि मी तो साडूला सांगितला नाही.

राहिली घुरघुर. तिनं मला बेजार केलं. ट्रान्सफॉर्मर काढून वेगळ्या डब्यात टाकला. तारा एकमेकींना पीळ घालून ओढल्या. नळ्या तापवायला सरळ, म्हणजे डीसी, वीज दिली. दर वेळी थोडी कमी व्हायची आणि मग तिथंच ठाण मांडून बसायची. शेवटी मी सासऱ्यांनीच शिकवलेली विद्या काढली. लग्नात पोहोचलं की ते आधी लोखंडी सळई जमिनीत ठोकायचे, तिला तार बांधायचे आणि वर पाणी ओतायचे. अर्थिंग पक्की तर भोंगा गप, हे त्यांचं सांगणं. माझ्या घरात भिंतीच्या सॉकेटला अर्थिंग होतीच. मी त्याला आणखी एक जोडली, अंगणातल्या बोअरच्या लोखंडी केसिंगपासून जाड तांब्याची तार थेट यंत्रापर्यंत. एका अर्थिंगनं काम होतं तर दोनांनी दुप्पट होणार, असा माझा सरळ हिशोब. उन्हाळ्यात आमची काळी जमीन भेगाळते, म्हणून रोज सकाळी मी केसिंगच्या बुडाशी बादली ओतायचो.

"बोअरचं पाणी काढून बोअरलाच पाजायलात व्हय?" बायको दारातून म्हणायची. शेजारणीला सांगून हसायचीही. मी कानाडोळा करायचो.

सासरे बाजाराच्या दिवशी पिंगळीहून गाडीनं यायचे, पिशवीत चारदोन तबकड्या घेऊन. मी त्यांच्यासाठी खुर्ची नेमकी दोन स्पीकरच्या मध्ये मांडलेली असे. गाणं सुरू व्हायचं. ते डोळे मिटायचे, उजव्या हाताची बोटं मांडीवर चालायला लागायची. आणि मला खालून घुर्र्र ऐकू यायची.

"मामा, येतोय का आवाज?"

"कसला?"

"घुरघुर. थांबा, एक मिनिट." मी सुई उचलायचो, तार हलवायचो, डबा फिरवायचो, पुन्हा सुई ठेवायचो. "आता?"

"हाय त्ये बरं हाय, जावईबापू. वाजू द्या."

"बरं कसं? बरं असून चालत न्हाई." मी पुन्हा उचलायचो. मला वाटायचं, ते मन राखायला बोलतायत. गंगाखेडला जाऊन ते खरं सांगत असतील, मोठ्याकडं लय घुरघुर हाय म्हणून. या विचारानं माझे कान आणखी तापायचे. गाडीची वेळ झाली की ते पिशवी उचलायचे आणि मी त्यांना स्टेशनवर सोडताना रस्ताभर नव्या दुरुस्तीचा बेत सांगायचो. ते हूं हूं करायचे.

बायकोनं ती बातमी दिल्यावर मला राहवेना. मेव्हणीचा चष्मा माझ्याकडं तयार होताच, तो पोचवायचं निमित्त केलं आणि एसटी धरून गंगाखेडला गेलो. खरं तर ती स्वतः पुढच्या आठवड्यात परभणीला येणार होती. "कामून तरास घेतला, दाजी?" ती म्हणाली. मी म्हणालो, त्रास कसला, आपलंच घर. आणि डोळे त्या घरात बाजा शोधत होते.

बाजा टीव्हीशेजारच्या कपाटावर होता. आणि त्याचं यंत्र बघून माझा जीव आधी सुखावला, इतकं ते गबाळं होतं. दिवाळीचे लाडू ठेवायचा स्टीलचा डबा, त्याला भोकं पाडून नळ्या बसवलेल्या, एक बटण वाकडं, तारांना चिकटपट्टी. माझ्या यंत्राला सागवानी चौकट होती, पितळी खिळे होते. मी मनात म्हटलं, हे? मग साडूनं ते चालू केलं आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. मी स्पीकरला कान लावला. काहीच नाही. पंख्याचा आवाज येत होता, बाहेर कोंबडा ओरडला तो ऐकू आला, स्पीकर मात्र बंद असल्यासारखा. मी उठून वायर लावलीय ना ते बघितलं. लावली होती.

"कसं केलं?" मी विचारलं. आवाज शक्य तेवढा सहज ठेवला.

"विशेष काही न्हाई, साडूभाऊ. सगळ्या तारांची जमीन, म्हंजे अर्थिंग, एकाच जागी आणली. बाकी तुमचंच बघून केलं."

तुमचंच बघून केलं! याच्यापेक्षा त्यानं शेखी मिरवली असती तर बरं झालं असतं, निदान मला त्याला नावं ठेवता आली असती. मला वाटलं, हा काहीतरी लपवतोय. कारखान्यात यांच्याकडं भारी भारी उपकरणं असतात, तिथून काही आणलं असेल. मी खोदून खोदून विचारलं, तो प्रत्येक प्रश्नाला सरळ उत्तर देत गेला आणि मध्येच जांभई दिली. मग म्हणाला, "बसा तुमी, मी जरा पडतो," आणि तिथंच चटईवर आडवा झाला. पाच मिनिटांत घोरायला लागला. ज्यानं यंत्रातली घुरघुर काढली तो माणूस स्वतः इतका घोरत होता की मेव्हणीनं चहा आणला तेव्हा मला तिचं बोलणं दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

"आण्णा आले ना, की ह्यांचं असंच," ती म्हणाली. "हे झोपतेत अन् आण्णा रेकार्डी ऐकत बसतेत. मागच्या बारीला मुक्कामच केला त्यांनी."

माझ्याकडं त्यांनी मुक्काम केला नव्हता. कधीच नाही. तो चहा मी कसा संपवला ते मलाच ठाऊक. परतताना एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली, बाहेर ऊस होता, पुढं गोदावरीचं रिकामं पात्र गेलं, आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं की पाहुण्याला टाकून झोपणाऱ्या माणसाकडं मुक्काम करावा असं त्यांना का वाटावं. मी तर त्यांच्यासमोर एका पायावर उभा असतो.

त्या वर्षी धोंड्याचा महिना उन्हाळ्यात आला. अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं, ही आमच्याकडची रीत. सासूबाई नसल्यानं यंदा होतंय की नाही अशी शंका होती, पण सासऱ्यांनी स्वतः दोघांना फोन केला. "दोगंबी या. पोरी करतील रांधायचं. अन् बाज्याचे आपापले डबे घिऊन या. बगू एकदाचं."

बगू एकदाचं! म्हणजे निकाल त्या दिवशी लागणार होता. मी यंत्र चादरीत गुंडाळलं, वाजवायचं यंत्र वेगळ्या गादीत, स्पीकर, अॅम्प्लिफायर, आणि तांब्याच्या तारेचं भेंडोळं. भाड्याच्या गाडीत मागं सगळं सामान आणि पुढं बायको मांडीवर अनारशांचं पीठ घेऊन, असे आम्ही पिंगळीला पोचलो. साडू सहकुटुंब मोटारसायकलवर आला होता. त्याचा लाडवाचा डबा मेव्हणीच्या पिशवीत होता, वरून कोथिंबीर डोकावत होती.

आम्हाला शेजारी शेजारी पाटावर बसवलं. सासऱ्यांनी दोघांचे पाय धुतले, मोठा म्हणून आधी माझे, हे मी नोंदवून घेतलं. दोघांना सारखंच कापड दिलं, एकाच ताग्यातलं. मला ते आवडलं नाही. साडू तुपात बुडवून धोंडे खात होता आणि "लय भारी झालेत" म्हणत होता. मी पुरण पानात नुसतं चिवडत होतो, कारण कधी एकदा उठून तार ओढतो असं मला झालं होतं. सासरे दोघांच्या मध्ये वाढत होते आणि माझं लक्ष त्यांच्या हातातल्या तुपाच्या वाटीवर होतं, कुणाच्या पानावर ती जास्त वाकते ते बघत.

जेवणं झाली. ओसरीत सामान मांडलं. वाजवायचं यंत्र माझं, मोठा अॅम्प्लिफायर माझा, तेच दोघांना वापरायचं ठरलं. सासऱ्यांनी पेटीतून एक तबकडी काढली, सदऱ्यानं पुसली. आधी साडूचा डबा लावला. शांत. गाणं सुरू झालं, छान वाजलं, जरा बोथट होतं पण छान. सासरे डोळे मिटून बसले आणि पूर्ण ऐकलं.

मग माझी पाळी. मी ओसरीतून अंगणात, अंगणातून तिथल्या बोअरच्या केसिंगपर्यंत तार ओढली, चांगली घट्ट आवळली, तांब्याभर पाणी ओतलं. सगळे बघत होते. परत आलो, यंत्राला टोक जोडलं, चालू केलं. नळ्या तापल्या. आणि घुर्र्र.

घरच्यापेक्षा मोठी. त्यात शेजारच्या शेतात कुणाची तरी मोटार सुरू झाली आणि ती आणखी फुगली. मी तार पुन्हा आवळली, आणखी पाणी ओतलं, डबा फिरवला, ट्रान्सफॉर्मर लांब नेला. बायको चुलीपाशी उभी राहून माझ्याकडं बघत होती आणि या वेळी हसत नव्हती, ते जास्त लागलं.

"साडूभाऊ, जरा बगू?" साडू भिंतीला टेकून बसला होता, तो उठला. मला नाही म्हणायचं होतं. पण मी बाजूला सरकलो. त्यानं आधी भिंतीचं सॉकेट टेस्टर लावून तपासलं, तिथली अर्थिंग नीट आहे ते बघितलं. मग वाकून माझ्या यंत्रामागचा स्क्रू सैल केला आणि बोअरहून आलेली तार काढून बाजूला ठेवली.

घुरघुर गेली. कमी झाली नाही, गेली.

"दोन जागच्या जमिनी एक न्हाई होत," तो म्हणाला. "इकडून तिकडं वीज खेळती मंग. एकच बरी." एवढं बोलून तो परत भिंतीला टेकला.

अंगणात ती तार पडली होती, ओल्या मातीपर्यंत. सासरे तिच्याकडं बघत होते. "त्ये मीच शिकवलं व्हतं त्यांला," ते हळूच म्हणाले. "तवा जनरेटर असायचं. दुसरी अर्थिंग नसायची."

सुई मी ठेवली. तीच तबकडी, तेच गाणं. पण आता त्यात सारंगीचा गज तारेवर टेकताना ऐकू येत होता, गाणाऱ्यानं घेतलेला श्वास ऐकू येत होता. साडूच्या डब्यातून हे काही आलं नव्हतं. मेव्हणीसुद्धा हातातलं पातेलं घेऊन उभी राहिली. माझं यंत्र त्याच्यापेक्षा सरस होतं, कितीतरी सरस, आणि ते त्यालाही कळलं. "वा, साडूभाऊ," तो म्हणाला, अगदी मनापासून, आणि त्या क्षणी मी त्याला जितकं पाण्यात पाहिलं तितकं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. जिंकून द्यायचं आणि वर वा म्हणायचं! हरवलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

गाणं संपलं. सासऱ्यांनी डोळे उघडले, पेटीचं झाकण लावलं आणि ती माझ्याकडं सरकवली.

"घिऊन जावा," ते म्हणाले. "तुमीच जपताल."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. मी वाकून नमस्कार केला. साडूकडं बघितलं, तर तो खरंच आनंदी दिसत होता. संध्याकाळी आम्ही पेटी गाडीत ठेवली, चारी बाजूंनी उशा लावल्या. मी म्हणालो, "मामा, तुमची खोली तयार हाय. महिना संपला की न्यायला येतो."

ते ओसरीच्या पायरीवर बसले होते. थोडा वेळ पायातल्या चपलेशी खेळत राहिले.

"मी गंगाखेडला जातो, जावईबापू."

मला वाटलं, दोनचार दिवस म्हणतायत. "मग तिथून या."

"न्हाई. ऱ्हायला जातो म्हणलं."

"पण पेटी... बाजा तर माझा चांगला वाजला ना?"

"तुमचा एक नंबर हाय. असा बाजा मी उभ्या जन्मात ऐकला न्हाई." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, सुई धरायला शिकवताना ठेवायचे तसा. "पन वाईट मानू नका. तुमच्या घरी मला अजून एक गाणं पुरं ऐकायला मिळालं न्हाई."

मी म्हणालो, आता घुरघुर गेली ना, आता नाही उचलणार सुई. ते हसले, प्रेमानंच हसले, आणि म्हणाले, "घुरघुर गेली की तुमी दुसरं काय तरी काढताल." बायकोनं गाडीतून हाक मारली म्हणून मी गेलो. गाडी वळेपर्यंत ते पायरीवरून हात हलवत होते.

आता पेटी माझ्याकडं आहे. दुकान बंद करून आलो की एक तबकडी लावतो, खुर्चीत स्वतःच बसतो. यंत्र उत्तम चालतं. परभणीत असा दुसरा बाजा नसेल, हे ऐकणारे सांगतात आणि ते खरं आहे. सासऱ्यांना मी दर आठवड्याला बोलावतो, ते येतो म्हणतात, गुडघा दुखतो म्हणतात. गंगाखेडला त्यांनी एकही तबकडी नेली नाही. मी देऊ केल्या होत्या, ते नको म्हणाले.

परवा मी फोन केला तेव्हा मेव्हणीनं उचलला. मामा काय करतायत, विचारलं.

"अंगणात बसलेत. हेबी बसलेत त्यांच्यापाशी."

"गाणी ऐकायलेत का?"

"न्हाई हो, दाजी. नुसतेच बसलेत."

"मग बोलायलेत काय?"

ती बहुधा दारापर्यंत गेली असावी बघायला. "न्हाई," ती म्हणाली. "काहीच न्हाई. आण्णांनी पान लावलं, ह्यांना दिलं. तेवढंच."

फोन ठेवला तरी माझा जळफळाट थांबेना. तार काढायची ती त्यानं मला विचारून, सगळ्यांसमोर, फुकटात काढून दिली. आता त्या म्हाताऱ्या माणसाशेजारी गप्प कसं बसायचं तेही त्यालाच विचारावं लागणार आहे, आणि तेवढी माझी जीभ अजून रेटत नाही.